लाईट जाऊन आली की अर्ध्या मशीनचं नेट बंद: नवा स्विच आणायच्या आधी

लातूर, उदगीर, अहमदपूर, परळी या पट्ट्यात आडत दुकानं, डाळमिली, अभ्यासिका, सेवा केंद्रं यांच्या नेटवर्कची कामं करणाऱ्याला ही तक्रार तोंडपाठ असते. "सर, लाईट गेल्ती, आता आली. दोन मशीनवर नेट चालायलंय, तिनावर चालंना. स्विच बंद-चालू केला की येतंय, पण पुन्हा लाईट गेली की तेच." फोन करणाऱ्याने निदानही करून ठेवलेलं असतं: स्विच गेला, येताना नवीन घेऊन या.

नवीन लावला तर त्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. मग कधीतरी लाईट जाते आणि पुन्हा फोन वाजतो. आठ पोर्टचा साधा स्विच, म्हणजे सगळ्या मशीनच्या नेटवर्क वायरी एकत्र जोडणारा डबा, काही फार मोठ्या किमतीची वस्तू नाही. पण सोयाबीनच्या हंगामात काट्यावर थांबलेला ट्रॅक्टर, पट्टीसाठी ताटकळलेला शेतकरी आणि टॅली उघडत नाही म्हणून चिडलेला मुनीम यांचा हिशोब धरला तर हा आजार महाग पडतो. म्हणून नीट लिहून ठेवतोय.

साध्या, म्हणजे अनमॅनेज्ड स्विचला स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कातला पत्ता, नसतो, सेटिंगही नसतं. कोणता मॅक पत्ता (प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) कोणत्या पोर्टवर आहे एवढी एक यादी तो ठेवतो. लाईट गेली की ती पुसली जाते, लाईट आल्यावर क्षणात पुन्हा तयार होते. आयपी वाटणं, नेट देणं यातलं काहीच त्याच्याकडे नाही. दोन मशीनवर नेट चालतंय म्हणजे राउटरकडून येणारी वायर आणि स्विच दोन्ही शाबूत आहेत. बाकीच्या तीन पोर्टवरची बत्ती लुकलुकत असेल, तर तीन पोर्ट एकाच वेळी मेले असं मानायला फारशी जागा उरत नाही. वीज पडली असेल तर गोष्ट वेगळी, ते पुढे येईल.

मग स्विच बंद-चालू केल्यावर नेट येतं ते कसं? स्विच बंद झाला की प्रत्येक मशीनला वाटतं वायर निघाली. चालू झाला की वाटतं वायर परत लागली. वायर लागली की विंडोज नव्याने आयपी मागायला लागतं. म्हणजे दुरुस्त झालेली गोष्ट स्विच नाही, मशीनने पुन्हा पत्ता मागितला एवढंच झालं. आणि यावेळी तो बरोबर माणसाकडून मिळाला.

आधी तीन ओळी वाचा, मग बटणाला हात लावा

तक्रार चालू असतानाच बंद मशीनवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारायचं. बरंच काही छापून येईल, त्यातल्या तीनच ओळी कामाच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस (मशीनचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (बाहेर नेटकडे जायची वाट, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारा). मोबाईलने फोटो काढा. मग चालू असलेल्या मशीनवर तेच करा आणि दोन्ही फोटो शेजारी धरा. फोनवरून मदत करत असाल तर हे दोन फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. "लाल बत्ती लागलीय का, हिरवी लागलीय" यात अर्धा तास घालवण्यापेक्षा ते परवडतं.

बहुतेक वेळा दिसतं ते असं. चालू मशीनवर पत्ता १९२.१६८.१.२३, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हरही तोच. बंद मशीनवर पत्ता १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१. घरातला मुख्य राउटर तर १९२.१६८.१.१ वर आहे, मग हा शून्यवाला कोण? नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारा दुसरा कोणीतरी आहे, आणि त्याच्याकडे स्वतःकडेच नेट नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ वेगळा. त्या मशीनने मागणी केली आणि कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. विंडोज मग साधारण पाच पाच मिनिटांनी पुन्हा मागून बघतं. "काहीच केलं नाही, थोड्या वेळाने आपोआप चालू झालं" ही तक्रार याच जातीची.

आणि १९२.१६८.१३७ दिसलं, तर राउटर शोधत बसू नका. विंडोजचं स्वतःचं इंटरनेट शेअरिंग चालू केलं की ते हाच पत्ता वापरतं. लाईट गेली, फायबर बंद पडलं, घाईचा ई-पीक पाहणीचा किंवा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, म्हणून कोणीतरी लॅपटॉपला मोबाईल लावून तेच नेट वायरवर शेअर केलं आणि नंतर ते तसंच राहिलं. नेटवर्क ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या पानावरची टिक काढली की विषय संपतो.

लाईटचा आणि याचा संबंध काय

डीएचसीपीत पहिला बोलेल त्याचं ऐकलं जातं. मशीन सगळ्या नेटवर्कला उद्देशून ओरडतं, "मला पत्ता द्या". ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता ते सहसा घेतं. आपलं कोण, परकं कोण, हे तपासायची सोय त्यात नाही. ही पद्धत इंटरनेटच्या नियमांच्या ज्या कागदात, आरएफसी २१३१ मध्ये, लिहिली आहे ती १९९७ सालची. एका नेटवर्कात पत्ते वाटणारा शहाणा माणूस असेल असं तेव्हा धरलेलं होतं.

एरवी, लाईट असताना, हा घोळ झाकलेला राहतो. मशीनकडे आधीच बरोबर पत्ता असतो. हा पत्ता ठरावीक मुदतीपुरता असतो. मुदत अर्धी संपली की ते थेट ज्याने दिला त्याच्याकडेच वाढवून मागतं, गावभर ओरडत नाही. लाईट गेली की सगळे एकदम बंद पडतात आणि एकदम उठतात. साधा स्विच काही सेकंदात तयार. जुना वायफाय राउटर, म्हणजे तो पत्ते वाटणारा दुसरा, मिनिटभरात तयार. फायबरचा डबा, म्हणजे मुख्य राउटर, मात्र आधी ऑप्टिकल लाईन धरणार, मग पलीकडे नोंदणी करणार, तोवर दोन-तीन मिनिटं सहज जातात. त्या मधल्या वेळात जे मशीन चालू झालं ते जुन्या राउटरच्या तावडीत सापडलं.

विंडोज आपला आधीचा पत्ता लक्षात ठेवून तोच पुन्हा मागतं, हे खरं. पण परक्या सर्व्हरला तो पत्ता आपल्या मुलखातला दिसत नाही आणि बरेच घरगुती राउटर अशा वेळी सरळ नकार पाठवतात. नकार आला की मशीन जुना पत्ता सोडतं आणि समोरचा देईल तो घेतं. म्हणूनच कोणतं मशीन चालणार याला काही नियम दिसत नाही. लाईट आल्याबरोबर ज्याने बटण दाबलं त्याचं बंद, जो आधी चहा पिऊन आला त्याचं चालू. लॅपटॉप चालूच राहिला असेल तर तोही बऱ्याचदा वाचतो.

दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वरच असतील तर जास्त वाईट. गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर दोन्ही मशीनवर सारखेच दिसतात, पत्तेही एकाच गल्लीतले, आणि माणूस चक्रावतो. तेव्हा एआरपी, जागा सोडून वजा ए, ही आज्ञा द्या. गेटवेच्या पत्त्यासमोर त्याचा मॅक पत्ता येतो, सहा जोड्यांचा. चालू आणि बंद मशीनवर हा मॅक वेगवेगळा निघाला की चोर सापडला. मॅकच्या पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या असतात आणि पूर्ण मॅक राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. राउटर उलटा करून ताडून बघायचा.

दुसरा राउटर सापडत नसेल तर

"आमच्याकडं दुसरा राउटरच नाही" हे वाक्य जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं. आडत दुकानात तर हमखास. खाली गादी, वर पोटमाळ्यावर खोली, मागे गोदाम. शोधायची सोपी रीत अशी: बंद मशीनवरून त्या परक्या गेटवेला अखंड पिंग (तिकडून उत्तर येतं का ते बघत राहणारी आज्ञा) लावा, म्हणजे पिंग, १९२.१६८.०.१, वजा टी. ओळी पडत राहतील. आता स्विचपाशी जाऊन एकेक वायर काढायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, परत लावायची. खाली मशीनपाशी एक माणूस बसवा, "तुटलं" म्हणून ओरडायला. ज्या वायरला उत्तराच्या ओळी थांबल्या तीच वाट. पिंग लावलेल्या मशीनची स्वतःची वायर मात्र काढू नका, नाहीतर तुटणारच.

मग त्या वायरच्या मागे मागे चालायचं. ती भिंतीच्या कडेने वर जाते, पंख्याच्या हुकाजवळून पोटमाळ्यावर चढते आणि तिथे जुन्या चोपड्यांच्या गठ्ठ्यामागे, तूर आणि धुळीच्या थराखाली, दोन अँटेनांचा एक पांढऱ्याचा पिवळा पडलेला राउटर लुकलुकत असतो. मालकाच्या मुलाला वर मोबाईलची रेंज येत नव्हती म्हणून जुनं कनेक्शन बंद झाल्यावर उरलेला राउटर त्याने इथे जोडलेला असतो. वायर पिवळ्या किंवा काळ्या पोर्टपैकी लॅनच्या, म्हणजे आतल्या मशीनसाठीच्या, पोर्टमध्ये. वायफाय मस्त चालतं, म्हणून कोणाला संशय येत नाही.

त्याला सरळ काढून फेकायची गरज नाही, रेंज हवीच असते. दोन मार्ग आहेत.

एक, त्याला नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय देणारा, करायचा. स्विचपासून वायर काढून लॅपटॉप थेट त्याच्या लॅन पोर्टला जोडा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्याचा स्वतःचा लॅन आयपी बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटरच्या गल्लीतला पण वाटपाच्या यादीबाहेरचा. तो रीस्टार्ट झाला की नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा. उलटं केलंत, आधी डीएचसीपी बंद केलं, तर लॅपटॉपलाच पत्ता मिळणार नाही आणि हाताने लावत बसावं लागेल. शेवटी स्विचची वायर लॅन पोर्टमध्ये लावा. काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नावाचा तयार पर्याय असतो, तो असेल तर एवढंही करावं लागत नाही.

पण आजार परत येतो तो बरेचदा इथूनच. कधीतरी वायफायचा पासवर्ड विसरला जातो आणि कोणीतरी टाचणी घेऊन रिसेटचं भोक दाबतं. राउटर कंपनीतून आला तसा होतो, डीएचसीपी पुन्हा सुरू, आयपी पुन्हा जुना. लगेच काही कळत नाही, कारण सगळ्यांकडे बरोबर पत्ते असतात. पुढच्या वेळी लाईट गेली की उघडं पडतं. तोवर रिसेट कोणी दाबला हे कोणाच्याच लक्षात नसतं.

म्हणून जिथे मुलं-माणसं फार आणि विचारून काही करायची सवय कमी, तिथे मला दुसरा मार्ग बरा वाटतो: स्विचची वायर त्या राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरून नेट घ्यायच्या, पोर्टमध्ये. त्याचं वाटप त्याच्या मागच्या मोबाईलांपुरतंच राहतं, पुढे स्विचकडे येत नाही. रिसेट केला तरी वॅन आपोआप पत्ता घेण्यावरच येतो आणि खालच्या मशीनना काही होत नाही. डबल नॅट, म्हणजे एकामागे एक दोन राउटरवर पत्त्यांची अदलाबदल, होतं म्हणून पुस्तकी माणसं नाक मुरडतील. वरच्या मोबाईलवरून खालच्या प्रिंटरचा शोध लागणार नाही, हा तोटाही खरा. पण आडतीत मोबाईलवरून प्रिंट काढणारे किती? फक्त दोघांच्या गल्ल्या वेगळ्या हव्यात, एक १९२.१६८.१ आणि दुसरा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.५० असा. सारख्या असतील तर मागच्यांचं नेट चालणार नाही.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच बसवायची तयारी असेल तर त्यात डीएचसीपी स्नूपिंग बघा. मुख्य राउटर ज्या पोर्टला आहे तोच विश्वासाचा म्हणून नोंदवायचा. बाकी कोणत्याही पोर्टवरून कोणी पत्ते वाटायला लागला तर स्विच ते उत्तर तिथेच टाकून देतो. स्वस्तातल्या स्मार्ट स्विचमध्ये ही सोय असेलच असं नाही, घेण्याआधी विचारून घ्या. विश्वासाचा पोर्ट चुकवलात तर दुकानात कोणालाच पत्ता मिळणार नाही, तेव्हा हे काम बाजार सुटल्यावर करा.

अशा स्विचची आणखी एक खोड लाईटशीच जोडलेली आहे. बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये अप्लाय आणि सेव्ह ही दोन वेगळी कामं असतात. अप्लाय केलं की सेटिंग चालू होतं, पण ते चालू स्मृतीत. सेव्ह केलं नाही तर लाईट गेल्यावर सगळं धुऊन जातं. पानाच्या कोपऱ्यात कुठेतरी सेव्हचं छोटं चिन्ह असतं, ते दाबल्याशिवाय उठायचं नाही. आणि काही स्मार्ट स्विच खोक्यातून निघतानाच १९२.१६८.०.१ हा पत्ता घेऊन येतात. तुमचा राउटर त्याच पत्त्यावर असेल तर बसवल्या दिवसापासून भांडण. आधी स्विच एकटा लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता बदला, मग नेटवर्कात आणा.

बिल निघंना

मशीनचं नेट चालू, पण लाईट आल्यावर प्रिंटर ऑफलाईन, हा त्याच आजाराचा धाकटा भाऊ. प्रिंटरला किंवा काट्याच्या मशीनला कोणीतरी हाताने १९२.१६८.१.१० लावलेला असतो आणि राउटर २ पासून २५४ पर्यंत सगळेच पत्ते वाटत असतो. प्रिंटर बंद असताना राउटरने तोच १० नंबर एखाद्या हमालाच्या मोबाईलला देऊन टाकला की प्रिंटर उठल्यावर दोघांची टक्कर. राउटरमध्ये वाटपाची हद्द १०० ते २०० करा. प्रिंटर, काटा, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), टॅलीचं मुख्य मशीन यांना ११ ते ६० मधले पत्ते द्या. किंवा राउटरमध्येच मॅकनुसार पत्ता राखून ठेवा. एका कागदावर यादी लिहून राउटरच्या पेटीत चिकटवा.

सगळ्यांचंच बंद आणि बत्त्या वेड्यासारख्या

वरचा आजार अर्ध्या मशीनचा. सगळ्यांचंच नेट एकदम गेलं आणि स्विचवरच्या सगळ्या बत्त्या एकाच लयीत, जवळपास न विझता फडफडायला लागल्या, तर तो लूप. ही वेळ दसरा-दिवाळीला जास्त येते. लक्ष्मीपूजनाला गादी धुऊन काढतात, मशीनं हलतात, चोपड्या-कॉम्प्युटर पूजेला मांडतात आणि दुसऱ्या दिवशी जोडताना एक मोकळी वायर दिसते. "हिचं टोक कुठं लावायचं?" रिकामा पोर्ट दिसला, लावून दिलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये.

इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे लॅन वायरीवरून जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्याला, आयुष्याची मर्यादा नसते. आयपीच्या पाकिटात प्रत्येक राउटरवर एक आकडा कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट मरतं. फ्रेममध्ये तसं काही नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. समजा गोलाईत शिरलेल्या गाडीला बाहेर पडायचा रस्ताच नाही आणि प्रत्येक फेरीला तिची एकेक नक्कल सोळाही रस्त्यांवर सुटते. लूप झालेल्या स्विचमध्ये ब्रॉडकास्टचं, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेमचं, तेच होतं. गिगाबिटच्या एका पोर्टवरून सगळ्यात लहान फ्रेम सेकंदाला जवळपास १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. तेवढ्यात सगळ्यांची दमछाक होते, राउटरचं पानही उघडत नाही.

इथेही बंद-चालू केल्याने क्षणभर बरं वाटतं आणि पहिलं ब्रॉडकास्ट आलं की पुन्हा तेच. वायरी काढत जा, ज्या वायरीला बत्त्या शांत होतात तिची दोन्ही टोकं शोधा. न दिसणारे लूपही असतात. वायफायचा एक्स्टेंडर हवेतून मुख्य राउटरला जोडलेला आहे आणि कोणीतरी "स्पीड वाढेल" म्हणून त्याला वायरही लावली, झाला लूप. मेश नसलेल्या साध्या एक्स्टेंडरला एकतर हवा द्या, नाहीतर वायर.

याच्यावरचा इलाज जुना आहे. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप होणारी वाट आपोआप बंद ठेवायची पद्धत, काढला. १९९० मध्ये तो ८०२.१डी मानकात आला आणि २००१ मध्ये त्याची जलद आवृत्ती आली. मॅनेज्ड स्विचमध्ये तो असतो, साध्यात नसतो. स्वस्त स्मार्ट स्विचमध्ये निदान लूप प्रिव्हेन्शनची टिक असते, ती लावून ठेवा. पण जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू केलात तर पोर्ट उठल्यावर पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, तोवर काही पुढे जाऊ देत नाही. मशीन त्या अर्ध्या मिनिटात पत्ता मागून थकलं की येतो १६९.२५४. म्हणून मशीनच्या पोर्टांना एज पोर्ट, काही कंपन्यांत पोर्टफास्ट म्हणतात, ते लावायचं. स्विचला स्विच जोडणाऱ्या पोर्टांना लावायचं नाही.

अडॅप्टर, इन्व्हर्टर, ऊन

स्विच खरोखर दोषी असतो तेव्हा बहुधा स्विच नाही, त्याचा अडॅप्टर असतो. सगळ्या बत्त्या अधूनमधून एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील तर तो स्वतःच रीस्टार्ट होतोय. अडॅप्टर हाताला चटका देत असेल, आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर बदला. बदलताना स्विचच्या पोटावरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा. सेट-टॉप बॉक्सच्या १२ व्होल्टची पिन ५ व्होल्टच्या स्विचमध्ये अगदी बरोबर बसते आणि तिथेच घात होतो. व्होल्ट तेवढाच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो.

घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा यूपीएस मोडचं बटण असतं. साध्या मोडमध्ये बदलताना क्षणभराची जी खोट पडते ती पंख्याला कळत नाही, राउटरला कळते. यूपीएस मोडवर टाका. मात्र गावाकडे संध्याकाळी शेतीपंप चालू झाले की दाब खाली येतो, आणि यूपीएस मोडचा इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की लाईट असूनही बॅटरीवर जातो. तिथे फायबरचा डबा आणि स्विच यांना राउटरचा छोटा डीसी यूपीएस देणं चांगलं. दोघांनाही द्या. नुसत्या स्विचला देऊन डब्याला दिला नाही तर कोण आधी उठतो ही शर्यत तशीच राहते.

उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला जातो आणि साध्या स्विचच्या कागदावर चालण्याची कमाल मर्यादा बहुतेक वेळा ४० अंश लिहिलेली असते. पत्र्याखाली, बंद लोखंडी पेटीत, इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या डोक्यावर ठेवलेला स्विच दुपारी दोनला का रुसतो याचं उत्तर त्यात आहे. पेटीला खाली-वर भोकं पाडा आणि पेटी जमिनीपासून वर लावा.

दुकान आणि गोदाम यांच्यात तांब्याची लॅन वायर खांबावरून ओढलेली असेल तर मे-जूनच्या वळवाच्या विजा तिच्यावाटे आत येतात. जवळ कुठे वीज पडली तरी वायरीत दाब उठतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. असा स्विच अर्धा जिवंत राहतो: पाच पोर्ट चालतात, तीन मेलेले, एक मधूनच चालतो. तो दुरुस्त करत बसू नका. नवीन आणताना मधली वायरही बदला: दोन इमारतींमध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला लॅन वायरीशी जोडणारा डबा. फायबरमधून विजेचा दाब जात नाही, आणि तांब्याची शंभर मीटरची मर्यादाही आड येत नाही.

आतली वायर विकत घेताना एका तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून लाल निघाली तर तांबं, पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ती स्वस्त मिळते, जॅकमध्ये काही महिन्यांत सैल होते, वाकवली की आतून तुटते. आठातल्या एका तारेने दगा दिला की गिगाबिटचा जोड शंभर मेगाबिटवर घसरू शकतो, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि शंभरला दोन पुरतात. तक्रार येते "नेट हळू झालंय" अशी.

सगळं करून झाल्यावर लोडशेडिंगची वाट बघत थांबू नका. टॅली आणि बाकी सगळं बंद करून मशीनं शटडाऊन करा, डीव्हीआर थांबवा, आणि मेनचा एमसीबी स्वतः पाडा. इन्व्हर्टरही बंद करा, नाहीतर परीक्षा झालीच नाही. मिनिटभराने सगळं एकदम चालू करा, फायबरचा डबा उठायच्या आत दोन मशीनं मुद्दाम सुरू करा आणि आयपीकॉन्फिगच्या त्या तीन ओळी बघा. १६९.२५४ दिसलं तर हरकत नाही, पाचेक मिनिटांत ते आपोआप सुटेल, किंवा मशीनची वायर काढून लावली की लगेच सुटेल. परका गेटवे दिसला तर नेटवर्कात आणखी एक राउटर आहे. पुन्हा अखंड पिंग लावा आणि वायरीमागे चला. यावेळी गोदामाकडच्या वायरीपासून सुरुवात करा.